नाताळच्या कुकीज घरच्या घरी : इतिहास, प्रमाणे, बिनअंड्याच्या कृती आणि पथ्ये

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग पार पडले की अमेरिकेतील स्वयंपाकघरांत कुकीजचा हंगाम सुरू होतो. नाताळपर्यंतच्या महिनाभरात घरोघरी कुकीज भाजल्या जातात, डब्यांत भरल्या जातात आणि शेजारी, शिक्षक व सहकाऱ्यांना वाटल्या जातात. दिवाळीत फराळाची ताटे या दारातून त्या दारात जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रथेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

येथील मराठी घरांतही आता डिसेंबरात ओव्हन तापतो. मात्र पाककृतींची पुस्तके आणि पिशव्यांवर छापलेल्या कृती बहुधा अंडी गृहीत धरतात. घरात अंडे न खाणारे आजी-आजोबा असतात, शाळेतल्या मित्रांसारख्याच कुकीज हव्या असलेली नातवंडे असतात आणि डबा ज्या घरी जायचा तेथे एखाद्या मुलाला शेंगदाण्याची वा काजूची ॲलर्जी असू शकते. एकाच डब्यातील खाऊ या सर्वांना निःशंकपणे खाता यावा, हा येथे खरा प्रश्न आहे. कुकीमध्ये कोणता घटक कोणते काम करतो हे समजले, तर त्याचे उत्तर अवघड नाही.

शब्द आणि इतिहास

‘कुकी’ हा इंग्रजी शब्द डच भाषेतून आला. डचमध्ये ‘कूक्ये’ म्हणजे छोटा केक. आजच्या न्यूयॉर्कच्या परिसरात सतराव्या शतकात डच वसाहत होती. तिच्याबरोबर हा शब्द अमेरिकेत रुजला. ब्रिटनमध्ये ज्याला बिस्किट म्हणतात, त्याला अमेरिकेत कुकी हे नाव पडले ते यामुळे.

अमेरिकी लेखिकेने लिहून अमेरिकेतच छापलेले पहिले पाकपुस्तक म्हणून अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’चा उल्लेख होतो. ते १७९६ मध्ये कनेटिकटमधील हार्टफर्ड येथे प्रसिद्ध झाले. त्यात नाताळच्या कुकीची कृती आहे आणि ती मराठी वाचकाला चकित करील अशी आहे. तीत मैदा, लोणी, साखर आणि दूध आहे. पीठ फुलवण्यासाठी पर्लॲश नावाचा लाकडाच्या राखेपासून मिळणारा क्षार आहे. स्वादासाठी धन्यांची बारीक पूड आहे. आणि अंडे मुळीच नाही. भाजल्यावर कडक लागणारी ही कुकी मातीच्या भांड्यात सहा महिने ठेवल्यास अधिक मऊ व चवदार होते, असेही लेखिका सांगते. बिनअंड्याची कुकी ही अमेरिकी नाताळात बाहेरून आलेली तडजोड नव्हे, याचा हा छापील पुरावा आहे.

पुढे वेगवेगळ्या देशांतून आलेल्या लोकांनी या परंपरेत भर घातली. जर्मन कुटुंबांनी सुंठ, दालचिनी, लवंग घातलेल्या मसालेदार कुकीज आणि पत्र्याचे साचे आणले. जर्मनीतील न्युर्नबर्गचे लेबकुखन आजही नाताळशी जोडलेले आहे. मोरेव्हियन पंथाच्या वसाहतींतून पेनसिल्व्हेनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत कागदासारख्या पातळ मसाला कुकीज आल्या. स्कॉटलंडचे शॉर्टब्रेड, स्कँडिनेव्हियाच्या दाबयंत्रातून पाडलेल्या स्प्रिट्झ आणि ऑस्ट्रियाच्या मुरंबा भरलेल्या लिंझर कुकीज याच वाटेने आल्या. चॉकलेट चिप कुकी मात्र अलीकडची. मॅसॅच्युसेट्समधील व्हिटमन येथे टोल हाउस इन नावाचे उपाहारगृह चालवणाऱ्या रूथ वेकफील्ड यांनी ती १९३० च्या दशकात लोकप्रिय केली. नाताळच्या रात्री सांताक्लॉजसाठी कुकीज व दूध ठेवण्याची रीत अमेरिकेत पसरली तीही याच दशकात, महामंदीच्या काळात.

महाराष्ट्रात ओव्हन घराचा भाग नव्हता. परंतु नानकटाई होती. ‘नान’ हा पाव या अर्थाचा फारसी शब्द. सुरतेतील डच वखारीच्या भटारखान्याशी नानकटाईचा संबंध परंपरेने जोडला जातो. दिवाळीत किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदा, रवा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचे आणि तयार नानकटाई वा बिस्किटे पत्र्याच्या डब्यात भरून आणायची, ही रीत अनेक गावांत होती. गोव्यात नाताळच्या फराळाला ‘कुस्वार’ म्हणतात. त्यात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांच्या जोडीला रवा आणि ओल्या नारळाची, ओव्हनमध्ये भाजलेली ‘बोलिन्यां’ असतात. त्यांत मात्र अंड्याचा बलक घालण्याची प्रथा आहे.

घटकांचे काम

कुकी चार घटकांवर उभी असते : मैदा, साखर, स्निग्ध पदार्थ आणि ओलावा.

मैद्यात पाणी मिसळून तो मळला की ग्लुटेनचे चिवट जाळे तयार होते. पावाला ते हवे असते; कुकीला नको. बटर किंवा तूप मैद्याच्या कणांना वेढून पाण्यापासून दूर ठेवते आणि जाळे बनू देत नाही. शंकरपाळ्यांच्या किंवा करंजीच्या पिठात मोहन घालतात ते याच कारणासाठी. म्हणून मैदा घातल्यानंतर पीठ केवळ एकत्र येईपर्यंतच मिसळावे. पोळीच्या कणकेसारखे मळू नये.

साखर गोडीपलीकडे दोन कामे करते. ती भट्टीत विरघळून कुकीला पसरू देते आणि ओलावा धरून ठेवते. साखर जास्त असेल तर कुकी पसरट व कडेने कुरकुरीत होते. ब्राउन शुगरमध्ये मोलॅसिस, म्हणजे काकवीसारखा पाक असतो. त्यामुळे कुकी मऊ राहते. पिठीसाखरेने पोत रवाळ न होता तोंडात विरघळणारा होतो.

बटर आणि साखर एकत्र फेसताना साखरेच्या कणांमुळे बटरमध्ये हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात. नानकटाईसाठी तूप-साखर पांढरी होईपर्यंत फेसण्याची जुनी रीत याच तत्त्वावर आहे. त्यासाठी बटर बोटाने दाबल्यास खड्डा पडेल इतपत मऊ असावे, वितळलेले नसावे.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बटरमध्ये किमान ८० टक्के स्निग्धांश असतो. उरलेला भाग मुख्यत्वे पाण्याचा. तुपात पाणी जवळजवळ नसते. म्हणून बटरच्या जागी तेवढेच तूप घातल्यास कुकी तेलकट होते व भुरभुरते. एका स्टिकऐवजी, म्हणजे ११३ ग्रॅम बटरऐवजी सुमारे ९० ग्रॅम तूप आणि एक टेबलस्पून दूध घ्यावे.

मापे आणि तापमान

फसलेल्या कुकीजचे एक मोठे कारण म्हणजे मैद्याचे चुकलेले माप. कप पिठाच्या पिशवीत खुपसून भरला तर मैदा दाबला जातो आणि सहज पंचवीस-तीस ग्रॅम जास्त येतो. चमच्याने हलके भरून वर सुरी फिरवावी. शक्य असल्यास वजनकाटाच वापरावा. अमेरिकी कपानुसार ढोबळ वजने अशी :

१ कप ऑल-पर्पज फ्लोअर (मैदा) : १२० ग्रॅम
१ कप दाणेदार साखर : २०० ग्रॅम
१ कप पिठीसाखर : सुमारे ११५ ग्रॅम
१ स्टिक बटर : अर्धा कप, ११३ ग्रॅम
३२५ अंश फॅरनहाइट : सुमारे १६० अंश सेल्सियस
३५० अंश फॅरनहाइट : सुमारे १७५ अंश सेल्सियस

सेल्फ-रायझिंग फ्लोअरमध्ये मीठ आणि बेकिंग पावडर आधीच असते. खालील कृतींसाठी ते घेऊ नये. घरगुती ओव्हनचे दाखवलेले आणि खरे तापमान यांत अनेकदा फरक असतो. आत ठेवायचा साधा तापमापक घेतल्यास तो लगेच कळतो. पंखा असलेल्या कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये तापमान २५ अंश फॅरनहाइटने कमी ठेवावे. डेन्व्हरसारख्या सुमारे ५,२८० फूट उंचीवरील शहरात कुकीज जास्त पसरतात; तेथे साखर किंचित कमी करून मैदा एक-दोन चमचे वाढवणे उपयोगी पडते.

अंडे वगळताना

अंडे कुकीत ओलावा देते, घटक बांधून ठेवते आणि थोडे फुलवते. कोणते काम महत्त्वाचे आहे ते पाहून पर्याय निवडावा. कुरकुरीत कुकीत दोन-तीन टेबलस्पून दूध पुरते. चिवट, मऊ कुकीत एका अंड्याऐवजी एक टेबलस्पून जवसाची पूड तीन टेबलस्पून पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावी. पाव कप दही किंवा सफरचंदाचा गर घातल्यास कुकी केकसारखी होते, हे लक्षात ठेवून वापरावे. शॉर्टब्रेड, नानकटाई आणि पिठीसाखरेत घोळवलेल्या अक्रोडाच्या कुकीजना मुळातच अंडे लागत नाही. नवशिक्याने सुरुवात तेथून करावी.

चार बिनअंड्याच्या कृती

शॉर्टब्रेड. साखर, बटर व मैद्याचे प्रमाण एकास दोनास तीन. १०० ग्रॅम साखर व २०० ग्रॅम बटर एकत्र करावे, ३०० ग्रॅम मैदा व चिमूटभर मीठ घालून गोळा करावा. एक सेंटिमीटर जाड थापून तुकडे कापावेत, काट्याने टोचावेत आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावेत. ३२५ अंशांवर २० ते २५ मिनिटे, कडा किंचित सोनेरी होईपर्यंत भाजावेत.

साच्याने कापलेल्या साखर कुकीज. दोन स्टिक बटर व १५० ग्रॅम साखर फेसावी. तीन टेबलस्पून दूध व एक टीस्पून व्हॅनिला घालावा. ३४० ग्रॅम मैदा, अर्धा टीस्पून बेकिंग पावडर व अर्धा टीस्पून मीठ चाळून मिसळावे. गोळा चपटा करून तासभर फ्रिजमध्ये ठेवावा. दोन पार्चमेंट कागदांच्या मध्ये पाव इंच जाड लाटावा, म्हणजे वरून मैदा लावावा लागत नाही आणि कुकी कोरडी होत नाही. आकार कापून ट्रे पुन्हा दहा मिनिटे थंड करावा; कडा रेखीव राहतात. ३५० अंशांवर ९ ते ११ मिनिटे. पूर्ण निवल्यावर पिठीसाखर व थोड्या दुधाचे घट्टसर आयसिंग लावावे.

सुंठ कुकीज. एक स्टिक बटर व १०० ग्रॅम ब्राउन शुगर फेसून पाव कप मोलॅसिस घालावे. घरी काकवी असल्यास तीही चालते. २४० ग्रॅम मैदा, दीड टीस्पून सुंठ, एक टीस्पून दालचिनी, पाव टीस्पून लवंगपूड, अर्धा टीस्पून खाण्याचा सोडा व पाव टीस्पून मीठ मिसळावे. पीठ एकत्र येत नसेल तर चमचाभर दूध घालावे. दोन तास थंड करून लाटावे व कापावे. ३५० अंशांवर ९ ते ११ मिनिटे भाजावे.

धन्यांची कुकी. १७९६ च्या प्रमाणावर बेतलेली ही घरगुती आवृत्ती आहे. ३६० ग्रॅम मैद्यात एक टेबलस्पून ताजी, बारीक धनेपूड, एक टीस्पून बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ घालावे. त्यात ११५ ग्रॅम थंड बटर मोहनासारखे चोळावे, १८० ग्रॅम साखर घालावी आणि पाव ते एक तृतीयांश कप दुधात गोळा बांधावा. पाव इंच जाड लाटून ३२५ अंशांवर १५ ते १८ मिनिटे भाजावे. धने आधी किंचित गरम करून कुटले तर सुगंध खुलतो. भाजीच्या मसाल्यातील तयार धनेपूड वापरू नये. तिला इतर मसाल्यांचा वास लागलेला असतो.

सर्व कुकीज ओव्हनमधून काढताना मध्यभागी थोड्या मऊच दिसतात. गरम ट्रेवर त्या आणखी भाजत राहतात आणि निवताना घट्ट होतात. कडक होईपर्यंत आत ठेवल्या तर त्या करपलेल्या वा दगडासारख्या निघतात.

बिघाड आणि त्याची कारणे

कुकी पसरून एकमेकींना चिकटली, तर बटर फार मऊ होते, ट्रे गरम होता किंवा मैदा कमी पडला. ती पसरलीच नाही, तर मैदा जास्त झाला. वातड झाली, तर पीठ जास्त मळले गेले. तळ काळा आणि वरचा भाग फिका राहिला, तर ट्रे गडद रंगाचा आहे किंवा सर्वांत खालच्या फळीवर ठेवला आहे. पूर्ण घाणा लावण्याआधी एक-दोन कुकीज भाजून पाहणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय.

शाकाहारी घरासाठी लेबलवाचन

अंडे वगळले म्हणजे कुकी शाकाहारी झालीच असे नाही. न्यू मेक्सिको राज्याने १९८९ मध्ये अधिकृत राज्यकुकी म्हणून स्वीकारलेली बिस्कोचितो ही बडीशेपेसारख्या स्वादाची कुकी परंपरेने लार्डमध्ये, म्हणजे डुकराच्या चरबीत केली जाते. मार्शमॅलोमध्ये जिलेटिन असते. आयसिंगसाठी मिळणारी मेरँग पावडर अंड्याच्या पांढऱ्या बलकापासून बनते. सजावटीच्या रंगीत दाण्यांवर कन्फेक्शनर्स ग्लेझ असल्यास ते लाखेच्या किड्यांच्या स्रावापासून आलेले असते. कार्माइन हा लाल रंगही कीटकजन्य आहे. २०११ पासून अमेरिकेत त्याचे नाव लेबलवर स्पष्ट देणे बंधनकारक आहे. काही उसाची पांढरी साखर शुद्ध करताना हाडांचा कोळसा वापरला जातो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ऑरगॅनिक किंवा बीटची साखर घ्यावी. व्हॅनिला अर्कात किमान ३५ टक्के अल्कोहोल असते. ते नको असल्यास व्हॅनिला पूड किंवा वेलदोडा वापरावा.

कच्चे पीठ आणि ॲलर्जी

मुलांना साच्याने आकार कापायला द्यावेत, दाणे पसरू द्यावेत. मात्र कच्चे पीठ चाखू देऊ नये. बिनअंड्याच्या पिठालाही हा नियम लागू आहे. मैदा हा कच्चाच पदार्थ असतो आणि त्यात ई. कोलाय वा साल्मोनेला हे जंतू असू शकतात. २००९ मध्ये तयार कुकीपिठामुळे आणि २०१६ मध्ये मैद्यामुळे अमेरिकेतील अनेक राज्यांत ई. कोलायचा प्रादुर्भाव झाला होता. घरी मैदा भाजून घेतल्याने तो सुरक्षित होतो याची खात्री देता येत नाही, अशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची भूमिका आहे. पीठ हाताळल्यावर हात, ओटा आणि लाटणे साबणाने धुवावे.

अमेरिकी कायद्याने नऊ प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थ ठरवले आहेत : दूध, अंडी, मासे, कवचधारी जलचर, वृक्षफळांतील सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोया आणि तीळ. तिळाचा समावेश २०२१ च्या कायद्याने झाला आणि त्याचे लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले. काजू, बदाम, पिस्ते, अक्रोड हे सर्व सुकामेव्याच्या गटात येतात. नानकटाईवर पिस्त्याचा एक काप लावण्याची आपली सवय एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. ज्या मिक्सरमध्ये दाण्याचे कूट केले, त्याच भांड्यात साखर दळल्यानेही अंश मिसळतात. त्यामुळे बिनसुकामेव्याचा घाणा स्वच्छ भांड्यांत आधी करावा आणि वेगळ्या डब्यात भरावा. तरीही ज्याला तीव्र ॲलर्जी आहे त्याच्या पालकांना विचारल्याविना घरगुती खाऊ देऊ नये. अनेक शाळा केवळ लेबल असलेला, बंद पाकिटातील खाऊच स्वीकारतात. आधी चौकशी करावी.

साठवण आणि डबा

कुकीज पूर्ण निवल्यावरच डब्यात भराव्यात. अन्यथा वाफेने मऊ पडतात. कुरकुरीत आणि मऊ कुकीज एकत्र ठेवू नयेत, कारण ओलावा एकीतून दुसरीत जातो. सुंठ कुकीज इतरांपासून दूर ठेवाव्यात. त्यांचा वास सर्वांना लागतो. शॉर्टब्रेड, सुंठ कुकी व धन्यांची कुकी हवाबंद डब्यात साधारण दोन आठवडे चांगली राहते. कच्च्या पिठाचा गोळा नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये तीन महिने ठेवता येतो. नोव्हेंबरात पीठ करून डिसेंबरात भाजणे नोकरदार घराला सोयीचे पडते. टपालाने पाठवायच्या असल्यास जाड, न भुरभुरणाऱ्या कुकीज निवडाव्यात, दोन-दोनच्या जोड्या पाठीला पाठ लावून गुंडाळाव्यात आणि डब्यातील पोकळी कागदाने भरावी.

डब्यावर एक चिठ्ठी जरूर असावी. कुकीचे नाव, भाजल्याची तारीख, त्यातील सर्व घटक, अंडे आहे की नाही, आणि त्याच स्वयंपाकघरात सुकामेवा, शेंगदाणे वा तीळ वापरले जातात का, एवढे तीत लिहावे. चिठ्ठी घरच्यांसाठी मराठीत व शेजाऱ्यांसाठी इंग्रजीत लिहिली, तर अंडे न खाणाऱ्या आजीला आणि ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला आपल्यासाठी काय योग्य हे न विचारता कळते.